उन्हात काळी होणारी काच

अमरावतीत राहून अकोल्याला नोकरी करणाऱ्या माणसाच्या पाठीशी सूर्य कायम उभा असतो. सकाळी तो पश्चिमेकडे निघतो तेव्हा सूर्य मागे, संध्याकाळी पूर्वेकडे परततो तेव्हाही मागेच. अकोल्यात राहून अमरावतीला नोकरी करणाऱ्याचं नेमकं उलट. सकाळी बोरगाव मंजू आलं की सूर्य गाडीच्या समोरच्या काचेत येऊन बसतो आणि संध्याकाळी बडनेरा सुटलं की पुन्हा तोच समोर. बदलीचा अर्ज करताना आपले लोक घरभाडं पाहतात, पोरांची शाळा पाहतात, सासुरवाडी किती लांब पडेल तेही पाहतात. सूर्य कोणत्या अंगाला येईल हे कोणी पाहत नाही.

मी पाठीवर ऊन घेणाऱ्यांपैकी. घर अमरावतीला, शाळा अकोल्याला, विषय विज्ञान. माझा एक जुना मित्र डोळ्यांवर ऊन घेणाऱ्यांपैकी. तो अकोल्याहून अमरावतीला कारने जातो, मी अमरावतीहून अकोल्याला जातो, आणि मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी आम्ही एकमेकांना न दिसता ओलांडतो. वर्षानुवर्षं समोरचा सूर्य सोसून त्याने शेवटी उन्हात काळा होणारा चष्मा केला. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, "अबे, हा चष्मा तर काळा होऊनच नाही राहिला! दुकानात तर भक्कन झाला होता."

चष्म्यात काही खोट नव्हती. कारची पुढची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबलेला असतो, अपघातात काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून. हा पापुद्रा सूर्याची अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडवतो. उजेड आत येतो, ऊब येते, डोळे दिपवणारी चमक येते. पण चष्म्याच्या काचेला ज्या किरणांची खूण पटते तीच नेमकी बाहेर राहतात. काचेच्या हिशेबी माझा मित्र सावलीत बसलेला असतो. कुरणखेडला तो चहासाठी खाली उतरला की मिनिटाभरात चष्मा काळा. म्हणजे चहा पिताना गॉगल आणि गाडी चालवताना साधा चष्मा. याच रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा पंचाहत्तर किलोमीटर रस्ता जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि गिनीज बुकात पोचला. त्या काळ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या उन्हाची जी तिरीप पडते, तिच्यासाठीच तर त्याने पैसे मोजले होते. दिसत्या प्रकाशालाही थोडाफार प्रतिसाद देणाऱ्या महागड्या काचा आता मिळतात आणि त्या गाडीतही बऱ्यापैकी गडद होतात. पण त्या घरातही पुरत्या स्वच्छ होत नाहीत, त्यांच्यावर एक फिकट छटा राहतेच. माझा मित्र आता कारमध्ये वेगळा गॉगल ठेवतो आणि फोटोक्रोमिकचं नाव काढलं की विषय बदलतो.

फोटोक्रोमिक हा शब्द दुकानाच्या पावतीवर असतो. गिऱ्हाईक 'डे-नाइट' म्हणतं, किंवा कंपनीचं नाव घेऊन 'ट्रान्झिशन' म्हणतं. आमच्या लहानपणी त्याला फोटोसन म्हणत. मूर्तिजापूरला मामा जिनिंगमध्ये दिवाणजी होता, त्याच्याकडे असा चष्मा होता. तो काचेचा, जड. मामाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याचे लाल वळ उठलेले असत. सरकीच्या धुळीतून तो अंगणात आला की आम्ही पोरं ओट्यावर ओळीने उभे राहायचो, मामाचे डोळे हळूहळू नाहीसे होताना पाहायला. त्याचा नंबर मायनसचा आणि मोठा. अशी काच मधोमध पातळ आणि कडेला जाड असते. आणि त्या काळी रंग बदलणारं द्रव्य काचेच्या अंगभर मिसळलेलं असे, म्हणून जिथे काच जाड तिथे काळेपणाही जास्त. मामाच्या डोळ्यांभोवती काळंभोर कडं आणि मध्ये धुरकट गोल. गावात तेव्हा असा चष्मा मोजक्या लोकांकडे होता आणि त्या सगळ्यांकडे फटफटी होती.

त्या काचेत काय घडत होतं ते मी आता दरवर्षी शिकवतो. सिल्व्हर नायट्रेटची बाटली तपकिरी का असते, हा प्रश्न प्रयोगशाळेत हमखास येतो. त्या द्रावणात मिठाचं पाणी टाकलं की पांढरा साका बसतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. तो उन्हात ठेवला की आधी जांभळट होतो, मग करडा, कारण प्रकाशाने चांदी सुटी होते. जुन्या फोटोच्या फिल्मचं सगळं शास्त्र याच्यावरच उभं होतं. फिल्मवर एकदा काळं झालेलं पुन्हा पांढरं होत नाही. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टुकी या दोघांनी चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण काचेतच कोंडले आणि सोबत तांब्याचा अंश ठेवला. काचेच्या आत क्लोरीनला पळायला वाट नाही. ऊन असेपर्यंत चांदी सुटी, ऊन गेलं की ती पुन्हा क्लोरीनशी जुळते आणि काच निवळते. त्यांचा शोधनिबंध १९६४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. हा स्टुकी मोठा नशीबवान माणूस. त्याआधी एकदा त्याची भट्टी बिघडून नको तितकी तापली, आतला काचेचा तुकडा वाया गेला म्हणून तो काढायला गेला तर हातून निसटून पडला, आणि फुटलाच नाही. त्यातून न फुटणाऱ्या भांड्यांची काच निघाली. आमच्या प्रयोगशाळेत पडलेलं काही आजवर शाबूत राहिलेलं नाही.

चांदीची काच टिकाऊ होती. वर्षानुवर्षं काळी-पांढरी होऊनही ती थकत नसे. तिला मागे सारलं ते वजनाने. चष्मे हलके झाले, काचेची जागा ज्याला आपले चष्मेवाले 'फायबर' म्हणतात त्या प्लास्टिकने घेतली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्लास्टिकवरही रंग बदलण्याची करामत बाजारात आली. इथे चांदी नाही. इथे सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणू असतात, काचेच्या वरच्या थरात मुरवलेले. अतिनील किरण लागला की रेणूतला एक बंध तुटतो, रेणू उघडतो, पसरतो आणि उजेड शोषायला लागतो. म्हणून काच काळी दिसते. किरण थांबले की तो पुन्हा मिटतो.

मिटतो कशाने? उष्णतेने. वऱ्हाडातल्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवी ती ही गोष्ट, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. अतिनील किरण रेणू उघडतात आणि उष्णता ते मिटवते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. काच किती काळी होणार हे त्या ओढाताणीवर ठरतं. हवा थंड असेल तर उघडलेले रेणू उघडेच राहतात आणि काच काळीभोर होते. हवा तापलेली असेल तर जितके उघडतात तितके मिटतही जातात आणि काच अर्ध्यावरच अडून बसते. म्हणजे जितकं ऊन तापणार तितका चष्मा फिका पडणार.

दुकानात हे कळायला मार्ग नाही. दुकानात एसी असतो. चष्मेवाला खणातून जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च काढतो, काचेवर मारतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत तिच्यावर काळा गोल उमटतो. मग तो आपल्याकडे जादूगारासारखा पाहतो. या काचांची कसोटी कशी घ्यावी याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८९८०, भाग तिसरा. त्यात काच मुळात २३ अंश सेल्सिअसला तपासतात, आणि तापमानाचा परिणाम पाहायचा असेल तर ५, २३ आणि ३५ अंशांना. थंडी म्हणजे ५ आणि उकाडा म्हणजे ३५. हे आकडे वाचून मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने हसलो. अकोल्यात ३५ अंश मार्च महिन्यातच होऊन जातात. तेव्हा आपण कुलरमध्ये नवा वाळा भरायचा का, एवढीच चर्चा करत असतो. पुढे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर अकोला जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या लाटेपायी कलम १४४ लावलं, कामगारांना सावली आणि पाणी द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला म्हणून. मानकं लिहिणाऱ्यांच्या नकाशात ही जागा नव्हती.

पोरांना नुसतं सांगून पटत नाही. मग एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेत आम्ही प्रयोग केला. एका जुन्या फोटोक्रोमिक चष्म्याच्या दोन्ही काचा फ्रेममधून काढल्या. शाळेसमोरच्या रसवंतीवरून बर्फाचा खडा आणला. एका स्टीलच्या वाटीत बर्फाचं पाणी, दुसरीत मैदानावरच्या टाकीच्या तोटीचं. तोटीच्या त्या पाण्यात हात घालवत नव्हता, वेगळं तापवायची गरजच पडली नाही. दोन्हींत एकेक काच सोडली आणि वाट्या उन्हात ठेवल्या. सगळा वर्ग भोवती ओणवा झाला, त्यांची सावली काचांवर पडायला लागली, त्यांना मागे हटवलं. बघता बघता बर्फातली काच शाईसारखी झाली. तोटीच्या पाण्यातली नुसती धुरकटली, तिच्यातून वाटीच्या तळावरचं कोरलेलं नाव वाचता येत होतं. "सर, थंड्या पान्यातली लय काया झाली जी!" एक पोट्टा ओरडला. दुसऱ्याने वाट्यांमधल्या काचांची अदलाबदल केली, तेही त्याला कोणी न सांगता, आणि थोड्या वेळात काळी होती ती फिकी आणि फिकी होती ती काळी. मग एका मुलीने कोरड्या केलेल्या काचेवर कडुनिंबाचं पान ठेवलं. मिनिटाभराने उचललं तर पानाचा दातेरी आकार काचेवर पांढरा उमटलेला. तो पाहायला ढकलाढकली झाली आणि शेवटच्यांचा नंबर येईपर्यंत पान पुसलं गेलं होतं.

या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग मला चिखलदऱ्याला दिसला, तोही डिसेंबरात. परतवाडा मागे पडून घाट चढू लागलो की हवा बदलते. वर गाव अकराशे मीटरच्या आसपास, आणि डिसेंबरातली पहाट अशी की कानटोपीशिवाय कोणी बाहेर पडत नाही. गाविलगडाच्या वाटेवर कोवळं ऊन होतं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. चष्म्याची तिथे गरजच नव्हती. आणि माझा चष्मा कधी नव्हे इतका काळा झाला, आंधळ्या भिकाऱ्याच्या चष्म्यासारखा. किल्ल्याच्या दरवाजाखालच्या सावलीत शिरलो तरी तो निवळायला तयार नाही. थंडीत रेणू मिटायलाही वेळ घेतात. ज्या जिल्ह्यात चिखलदरा आहे तिथे तो डिसेंबरात काळाकुट्ट, आणि शेजारच्या जिल्ह्यात, जिथे ऊन माणसं मारतं, तिथे मे महिन्यात फिकट. ही काच मुळात थंड देशांच्या उन्हासाठी घडलेली आहे. बर्फावरून परावर्तित होणारं लख्ख ऊन, हवा गोठलेली, आणि माणूस कोट घालून फिरायला निघालेला. तिथे ती मनापासून काम करते.

उन्हाळ्यातलं वऱ्हाड दोन उजेडांत जगतं. अकरा वाजले की दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कुलर चालू. बाहेर लाखभर लक्स उजेड, आत पन्नाससुद्धा नाही. जुनी धाब्याची घरं असतील तर आणखी कमी, कारण त्यांच्या भिंती हातभर जाड आणि खिडक्या नावापुरत्या. अशा घरात बाहेरून आलेल्या कोणालाही क्षणभर काही दिसत नाही; डोळ्यालाही अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. त्यात चष्मा. अर्धवट का होईना काळी झालेली, निवळायला काही मिनिटं घेणारी काच आणि वयोमानाने मंदावलेली बाहुली, हा दुहेरी अंधार पन्नाशीपुढच्या माणसाला उंबरठ्यावर गाठतो. जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात आणि आतली जमीन अंगणापेक्षा एक पायरी खाली असते.

मावसाजी गेले तेव्हा मी भर दुपारी अकोटला पोचलो. बैठकीत बाया-माणसं बसलेली, वाळ्याचा पडदा ओला, हवेत त्याचा वास. मी दारात हात जोडून उभा. समोर कोण आहे, मावशी कुठल्या कोपऱ्यात आहे, काही कळेना. सतरंजीवरून आवाज आला, "कोन होय बावा? काया चष्मा काढ बरं, डोये पाहू दे." मी चष्मा काढला. आता उजेड थोडा वाढला, पण नंबर गेला. माणसांचे नुसते ठिपके राहिले. चष्मा घातला तर अंधार, काढला तर धूसर. दोन मिनिटं मी त्या घरात नव्हतोच म्हणा. या चष्म्याचा खरा तोटा मला तिथे दिसला. साध्या गॉगलला माणूस दारात काढतो आणि खिशात ठेवतो, त्यात एक रीत आहे, चपला काढण्यासारखी. याला तसं काढता येत नाही. याच्या काळेपणाला आणि माझ्या नजरेला एकाच फ्रेममध्ये बसवलं आहे. आणि आपल्याकडे तोंडावर काळा चष्मा ठेवून दुःखाच्या घरी बसणारा माणूस म्हणजे एक तर पुढारी, नाही तर दीडशहाणा. त्याला मोक्षधामातही सूट नाही. मुखाग्नीच्या वेळी दुपारच्या उन्हात सगळ्यांचे डोळे ओले दिसतात आणि तुमच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खिडक्या.

फायदा नाही असं नाही. प्रार्थना संपवून मैदानावरून थेट वर्गात शिरलो की पहिली दोन-तीन मिनिटं सर कोणाकडे पाहताहेत हे पोरांना कळत नाही. शेवटचा बाक तेवढा वेळ शांत असतो. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मी मुद्दाम उन्हातून चालत जातो. निरोप समारंभाचा फोटो मात्र दरवर्षी मैदानावर काढतात. फुलांचे हार, मुख्याध्यापक, ओळीने बसलेली दहावीची पोरं आणि मधोमध एक गॉगलवाला. एकाही फोटोत माझे डोळे नाहीत.

बारीकसारीक खोड्या पुष्कळ. हेल्मेटची पुढची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची, तीही अतिनील किरण गिळते. म्हणून ती खाली ओढली की चष्मा पांढरा. अमरावतीत दुपारी दुचाकीवर निघणारा माणूस डोक्याला, कानाला, नाकाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतो. त्या दुपट्ट्याचा काठ कपाळावर पुढे आला की त्याच्या सावलीत चष्म्याचा वरचा पट्टा फिका आणि खालचा काळा. रेल्वेच्या स्लीपर डब्यात उघड्या खिडकीशी बसलं तर खिडकीकडची काच जास्त काळी आणि आतल्या बाजूची कमी. एसीच्या डब्यात दोन्ही स्वच्छ. बडनेऱ्याला उतरणारा माणूस कुठल्या डब्यातून आला हे त्याच्या चष्म्यावरून ओळखता येईल. आणि श्रावण. ढग भरून आलेले, चार वाजताच दिवे लावावेसे वाटतात, पण अतिनील किरण ढगांतून बऱ्यापैकी झिरपतात. बाहेर आधीच अंधारलेलं आणि चष्मा वर आणखी काळोख करून ठेवतो. पोळ्याला बैल पाहायला गेलो तर सगळे बैल एकाच रंगाचे.

इतकं सगळं माहीत असून मी हाच चष्मा का घालतो, असं कोणी विचारलं तर उत्तर दसऱ्यानंतरच्या महिन्यांत आहे. ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडचं ऊन उजेडाला चोख आणि तापायला बेताचं असतं. तेव्हा हा चष्मा जे म्हणतो ते करतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभं राहून पाहा. पांढऱ्याशुभ्र कापसाचे ढिगारे, वर निळं आभाळ, आणि त्या पांढऱ्याची चमक अशी की साध्या चष्म्यातून डोळे किलकिले होतात. तिथे या काचेने डोळ्यांना जो आराम मिळतो त्याला तोड नाही. दिवसातून पन्नास वेळा आतबाहेर करणाऱ्या माणसाला, म्हणजे पोस्टमनला, मीटर वाचणाऱ्याला, विम्याच्या एजंटला, गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना, एकच चष्मा दिवसभर पुरतो हे लहान सुख नाही. गॉगल एसटीत विसरतो, डोक्यावर चढवलेला केसांतून घसरून पडतो, चष्म्याच्या जागी गॉगल घातला की चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. उजेडाने ज्यांचं डोकं चढतं त्यांना याची खरी मदत होते. आणि काच पांढरी दिसत असली तरी अतिनील किरण ती अडवतच असते, उन्हाळ्यातसुद्धा. फिकी पडते म्हणजे निकामी होते असं नाही. चमक कमी करायचं काम सोडते, राखणीचं नाही.

फक्त हे राखणीचं काम काही तिची मक्तेदारी नाही. पॉलिकार्बोनेटची साधी पारदर्शक काचही ते करते, चांगलं कोटिंग केलेली इतर काचही करते, त्यासाठी काळं व्हावं लागत नाही. उलट रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकणारे स्वस्त काळे गॉगल हे धोक्याचं काम. आतून अंधार वाटतो म्हणून बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील रोखणारं काही नसेल तर त्या उघड्या दारातून नको तेच आत जातं.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. चष्म्याच्या काळेपणाची ही सगळी चर्चा ज्यांना नंबर आहे, पगार आहे आणि दिवसाचा बराच भाग छपराखाली जातो अशांची आहे. नवतपा सुरू होतो तेव्हा, २५ मेच्या सुमाराला, वऱ्हाडातल्या काळ्या रानांत पेरणीआधीची धसकटं वेचायला बाया वाकलेल्या असतात. डोक्यावर पदर, वर टॉवेल, डोळ्यांवर काही नाही. ऊन, धूळ आणि कोरडा वारा यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा पातळ पडदा बुबुळावर सरकत येतो. शेतात राबणाऱ्यांत तो फार दिसतो. मोतीबिंदू वयाने होतो, पण उन्हाने तो घाईला येतो. त्यांना काळा चष्मा मिळतो तो ऑपरेशन झाल्यावर, शिबिरातून. तोवर आयुष्यभराचं ऊन पाहून झालेलं असतं. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात कधी सकाळी गेलात तर बाकावर ओळीने बसलेले ते चष्मे दिसतील. शासनाने चष्मे शाळेत वाटले, शिबिरांत वाटले. रोजगार हमीच्या कामावर कुदळ-घमेल्यासोबत अतिनील किरण रोखणारा साधा पारदर्शक चष्मा वाटला तर तो फोटोक्रोमिकपेक्षा कितीतरी स्वस्तात पडेल. धूळही अडेल.

तुम्ही घ्यायला निघालाच असाल तर काही गोष्टी. दुकानातल्या टॉर्चवर जाऊ नका. काच हातात घेऊन दुपारी रस्त्यावर उभे राहा, शक्य तर एप्रिलमध्ये. डिसेंबरात केलेला चष्मा मे महिन्यात तुम्हाला फसवल्यासारखा वाटेल. एक काच फुटली तर दोन्ही बदला; जुनी आणि नवी कधी सारख्या काळ्या होत नाहीत आणि चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या माणसांचे डोळे दिसतात. प्लास्टिकमधलं रंगद्रव्य दोन-तीन वर्षांत थकतं, मग काच ना धड काळी होते ना धड पांढरी, एक पिवळट झाक धरते. तेवढ्या खर्चाची तयारी ठेवा. उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर चष्मा टाकू नका, वरच्या कोटिंगला बारीक तडे जातात. गाडी स्वतः चालवत असाल, त्यातही अकोल्याहून अमरावतीला, तर नंबरचा वेगळा गॉगल करा किंवा चष्म्यावर अडकवायची क्लिप घ्या. घरात साठीपुढचं कोणी असेल आणि घराला उंच उंबरठा असेल, तर त्यांना हा चष्मा देण्याआधी उंबरठ्याशी एक दिवा लावा.

आणि पैसे एकाच चष्म्याचे असतील, तर साधी, पारदर्शक, अतिनील किरण रोखणारी काच घ्या आणि उरलेल्या पैशांत रुंद काठाची टोपी. टोपीची सावली ४५ अंशांवरही तेवढीच गडद पडते.